रिकाम्या जागांबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या रॅप गाण्याच्या व्हिडिओवर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली एका निनावी वाचकांची लांब प्रतिक्रिया आली आहे. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

ज्यांनी व्हिडिओ पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. गाणं हिंदी-मराठी मिसळीचं आहे, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी घरं जशी बोलतात तसं. पहिल्या कडव्यात रॅप गाणारा मुलगा पुढे आणि त्याचे सहा मित्र मागे, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, रुंद लेन्स, हातवारे, थेट कॅमेऱ्यात रोखलेली नजर, आणि बोलांत गल्ल्यांची नावं: हजीरा, पाटणकर बाजार, चिटनीस की गोठ, बाडा. रॅपच्या व्हिडिओत जे जे असतं ते सगळं. मग प्रत्येक ध्रुवपदाला एक मित्र कमी होतो. कुणी पुण्याला, कुणी गुरुग्रामला, कुणी बंगळूरला. जागा त्याच, कॅमेरा तिथेच, चौकट सात जणांचीच. शेवटच्या कडव्यात त्या चौकटीत एकटा मुलगा उरतो आणि तरीही तो त्याच तोऱ्यात गातो.

निनावी वाचकांचं म्हणणं असं: माणसं जमली नाहीत म्हणून चौकट रिकामी राहिली, आणि लेखिका त्या मजबुरीला प्रयोग म्हणते. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. लेखिका आपल्याच विद्यार्थ्यांची पाठ थोपटते, तेव्हा तिचं मत धरायचं कशाला? आणि मग हे वाक्य: ‘परंपरा मोडायची तर आधी ती यावी लागते, हे ग्वाल्हेरच्या माणसाला सांगावं लागतं, यासारखं दुर्दैव नाही, पोरांच्या मोबाईलवरच्या उद्योगांना कला म्हणण्याआधी लेखिकेने आपल्या गावाचं गाणं ऐकावं.’

ओठांचं आधी मिटवते. दुसऱ्या कडव्यात ओठ दोन फ्रेम मागे आहेत, मान्य. मोबाईलवरच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग सारखा राहत नाही, संकलनात आवाज हळूहळू घसरतो. मुलांना ते सांगितलं आहे. पाठ थोपटण्याच्या आरोपाला उत्तर देण्याची गरज वाटत नाही. ही माझीच मुलं आहेत, असं मी त्या लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं.

आता ते वाक्य.

आपल्या गावाचं गाणं ऐकावं, असं मला कुणी सांगावं? मी माधव संगीत महाविद्यालयात गायन शिकले. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या काळात संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी उभं केलेलं ते महाविद्यालय. तिथे बंदिशीचे दोन्ही भाग, स्थायी-अंतरा, नीट, पूर्ण, शब्द स्वच्छ ठेवून म्हटल्याशिवाय पुढे जाऊ दिलं जात नसे. ग्वाल्हेर गायकीची आठही अंगं म्हणजे काय, हे पुस्तकातून नव्हे, बोलणी खाऊन शिकले. घरी सकाळी तंबोरा लागायचा तेव्हा आम्हा भावंडांना बोलायची मुभा नव्हती. आणि नंतर पोटासाठी मी लश्करातल्या एका स्टुडिओत लग्नाच्या कॅसेट जोडत बसले, दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून. एक कट चुकला की मागचं सगळं पुन्हा. तेव्हा परंपरा आणि कात्री, दोन्ही माझ्या हाताखालून गेल्या आहेत. नाव न लावता लिहिणाऱ्याने मला दुर्दैवी ठरवण्याआधी एवढं विचारायला हवं होतं.

आणि ज्या ग्वाल्हेरचा दाखला तुम्ही देता, ते ग्वाल्हेर तुम्ही समजता तसं कुलूपबंद नव्हतं. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ-हस्सू खाँ या भावांनी बडे महंमद खाँ या गवयाची तानबाजी शिंद्यांच्या दरबारात पडद्याआड बसून ऐकली आणि उचलली, ही कथा इथे घरोघरी सांगतात. दुसऱ्याच्या गळ्यातली गोष्ट आपल्या ख्यालात घालणं, हे इथल्या घराण्याच्या मुळाशीच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, बंदिशींतले शृंगारिक शब्द बदलले. ग्वाल्हेरची परंपरा म्हणजे नुसती राखण, असं कुणी ठरवलं?

तरीही तुमच्या वाक्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी गाण्यापुरती मानते. ख्याल गळ्यात बसावा लागतो. तो वर्षानुवर्षं गुरूसारखं म्हटल्याशिवाय बसत नाही. पण गाण्याच्या व्हिडिओचा साचा गळ्यात नसतो, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. रॅपमध्ये मागे उभी असलेली मंडळी म्हणजे ‘ही गल्ली माझ्या पाठीशी आहे’, हे आमच्या मुलांनी कुणाला शिकवलेलं नाही. बघणारा ते आधीच शिकून आलेला असतो, न्यूयॉर्कच्या ब्राँक्सपासून मुंबईच्या गल्ल्यांपर्यंत हजारो व्हिडिओ पाहून. करणाऱ्याने एवढंच करायचं, की बघणाऱ्याला साचा लगेच ओळखता यावा इतका तो नीट मांडायचा आणि मग एक गोष्ट हलवायची. सगळ्या गोष्टी हलवल्या तर काय मोडलं तेच कळत नाही. आमच्या मुलांचा पहिला आराखडा असाच होता. त्यात रॅपही नको, रस्ताही नको, गाणाराही दिसायला नको. मीच तो परत केला. सिनेमाचे अभ्यासक स्टीव्ह नील यांनी १९८० साली मांडलं, की सिनेमाचा प्रकार म्हणजे पुनरावृत्ती आणि फरक, दोन्ही एकत्र. वर्गात मी हे फळ्यावर लिहिते. मुलांनी ते हजिऱ्याच्या रस्त्यावर करून दाखवलं.

साचा आधी यावा लागतो, याला जगातलीच उदाहरणं उलटी आहेत. १९६५ साली लंडनमध्ये, सॅव्हॉय हॉटेलमागच्या गल्लीत, बॉब डिलन गाण्याचे शब्द लिहिलेले पुठ्ठे हातात घेऊन उभा राहिला आणि एकेक टाकत गेला. ओठ हलवले नाहीत. संगीताचं एमटीव्ही चॅनल सुरू झालं १९८१ मध्ये. म्हणजे त्या चॅनलने ओठ जुळवण्याचा साचा घरोघरी पोचवला त्याच्या सोळा वर्षं आधीच तो नाकारून झाला होता.

आणि मजबुरी. हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरला आहे. जुन्या दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. तासभर चालणारा ख्याल मोठमोठ्या गवयांनी त्यात बसवला आणि त्यातून ख्यालाची एक नवीच, आटीव मांडणी तयार झाली. आजही गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, त्यामागे तीच जुनी मजबुरी आहे. क्वीन या बँडने १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा व्हिडिओ केला तो टीव्हीच्या कार्यक्रमात स्वतः जाऊन ते गाणं सादर करणं अवघड होतं म्हणून, व्हिडिओटेपवर, काही तासांत. आज त्याचा दाखला प्रत्येक वर्गात दिला जातो.

पण इथे तर मजबुरीही नव्हती, आणि हे तुम्हाला व्हिडिओतूनच कळायला हवं होतं. पहिल्या कडव्यात सातही जण आहेत ना? मग माणसं जमली नाहीत कशी? मुलांनी गाण्याच्या क्रमाने चित्रीकरण केलं नाही, जागेच्या क्रमाने केलं. प्रत्येक जागी आधी सात जण, लगेच सहा, लगेच पाच, असं एकापर्यंत, कारण ऊन बदलायच्या आत सगळं संपायला हवं. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती खडूने खुणा, प्रत्येकाच्या पावलांच्या जागी खुणा. रॅपच्या व्हिडिओत कॅमेरा हातात धरतात, तो हलता असतो. इथे तो स्थिर ठेवला तो याचसाठी, की कोण गेलं ते दिसावं. ज्या चौकटीत एकटा मुलगा उभा आहे, त्या वेळी उरलेले सहा जण कॅमेऱ्यामागे थर्माकोलचा मोठा तुकडा धरून त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकत होते. किल्ल्यावर चित्रीकरण केलं नाही कारण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, एवढीच काय ती मजबुरी. त्यामुळे किल्ला मागे, वर, लांब राहिला. तो तिथेच शोभतो.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त आवडलं आणि ज्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. गाण्याची लय मिनिटाला ९० ठोक्यांची आहे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एक ठोका बरोबर २० फ्रेमचा. नेहमीची रीत अशी की कट ठोक्यावर मारायचा, नाहीतर एखादी फ्रेम आधी. पहिल्या कडव्यात मुलांनी तसंच केलं आहे, एकही कट इकडचा तिकडे नाही. पण जिथे जिथे मित्र नाहीसा होतो, तिथे कट ठोक्यानंतर दहा फ्रेमवर आहे. कानाला ठोका मिळून गेलेला असतो, डोळ्याला बातमी उशिरा कळते. असं रिकाम्या जागेत कापायला मुलांना मी शिकवलं नव्हतं. ज्याला तालातली खाली, म्हणजे टाळी नसलेली जागा, कळते त्याला हे कळेल. तुम्ही तर गावाचं गाणं ऐकणारे आहात.

ज्या घरांतून ही मुलं येतात ती तुम्हाला ठाऊक असतील, तुम्ही ग्वाल्हेरचेच दिसता. जनकगंजात, फालका बाजारात, दौलतगंजात मराठी घरं आता किती उरली आहेत ते बघा. मुलं शिकतात आणि जातात. गणपतीत आरतीला आवाज कमी पडतो. या पोरांनी स्वतःच्या गल्लीची ही गोष्ट सांगण्यासाठी, मागे टोळी उभी करून छाती काढणारा प्रकार घेतला आणि त्यातली टोळीच काढून घेतली. याहून अचूक निवड मला तरी सुचली नसती. तिला ‘पोरांचे उद्योग’ म्हणणं मला लागलं, आणि ते मी लपवत नाही. त्यातल्या दोघांनी तुमची प्रतिक्रिया वाचून मला फोन केला. पुढचं काम करू की नको, असं विचारत होते. मी करा म्हणून सांगितलं.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे अक्षरांचा रंग, मुलांचे कपडे, गाण्यातल्या मराठीची शुद्धता, यांवर मी बोलणार नाही. ती मराठी आमची आहे, पुण्याची नाही.

माझ्याशी वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, पण नाव लावून. मुलांच्या कामाबद्दल बोलायचं असेल तर व्हिडिओ मोबाईलवर अंगठा सरकवत नको, शेवटपर्यंत, आवाज लावून, पहिलं कडवं आणि शेवटचं कडवं एकापाठोपाठ बघा. मग कुठला कट चुकला ते मिनिट-सेकंदासह लिहा. ते मी मुलांना वाचून दाखवीन.