जुनी गाडी घ्या, उजेड पाडा

नवी गाडी घेण्यात काही मजा नाही. चावी फिरवली की सुरू होते आणि माणूस गुमान ऑफिसात पोहोचतो. ना कुणाची ओळख, ना कुणाचा धक्का. गोतावळा वाढवायचा असेल तर तेरा-चौदा वर्षांची एमएच-३१, म्हणजे नागपूर पासिंगची गाडी शोधा. विकणारा सांगेल, "डॉक्टरची गाडी आहे भाऊ. घर ते दवाखाना, बस." नागपुरात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. मास्तर, वकील, ठेकेदार बहुधा पायीच फिरत असावेत.

गाडी पाहायला भर दुपारी जा, म्हणजे दिव्यांचा विषयच निघत नाही. तुम्ही पोहोचायच्या आत त्याने ती सुरू करून ठेवली असेल, तर 'काय तत्पर माणूस आहे' असं मनात म्हणा. थंड इंजिनावर सेल्फ मारून पाहायचा हट्ट धरू नका, बरं दिसत नाही. आणि चौदा वर्षांचीच घ्या. १५ पूर्ण झाली की नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये, पर्यावरण कर आणि आरटीओच्या चकरा, हे सगळं पुण्य तुमच्याच पदरात पडेल.

पुढचं काम नागपूरचा मे महिना करतो. पारा ४५ च्या वर गेला की बॉनेटखाली काय होत असेल ते बॅटरीलाच विचारा. आतलं पाणी उडतं, वायरींवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. थंडीने बॅटऱ्या मरतात असं कुठे वाचलं असेल तर ते थंड मुलखातल्यांसाठी. आपल्याकडे तिला उन्हाळा आतून खातो, हिवाळ्यात फक्त तेरवी होते.

मग एका सकाळी चावी फिरवता आणि आवाज येतो, टक्. एवढाच.

इथे तुम्ही व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर विकत घ्यायला जाल. जाऊ नका. सीताबर्डीत तीन-चारशेला मिळतो, म्हणजे फुकट गेलेले पैसे. बंद गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि सुरू गाडीत १३.८ ते १४.४ दिसले की चार्जिंग ठीक, हे एकदा कळलं की मिस्त्रीच्या अंदाजावरची श्रद्धाच उडते. श्रद्धा महत्त्वाची.

माझ्या मिस्त्रीने बॉनेटवर तळहात ठेवला, ताप पाहतात तसा, आणि म्हणाला, "बॅटरी गेली नं भाऊ, अजून काय." ५,२०० रुपये. पंधरा दिवसांनी पुन्हा टक्. "डायनॅमो चार्ज नाही करून राहिला." कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, ३,४०० रुपये. मग सेल्फ खोलला, २,६००. मग कुणीतरी स्कॅनर लावला आणि त्याने अकरा आजार सांगितले. व्होल्टेज पडलं की गाडीतला संगणक अंधारात चाचपडल्यासारखा दिसेल त्या सेन्सरवर आळ घेतो. पण अकरातले दोन तरी बदलायलाच हवेत, नाहीतर स्कॅनरचा अपमान होतो.

याच काळात एक गंमत पाहून ठेवा. रात्री भिंतीकडे गाडीची पाठ करून ब्रेक दाबा. माझ्या गाडीत ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद उजळायचा आणि मागचा दिवा लाजून पडायचा. मला तो दागिना वाटला. खरं म्हणजे करंटला बॅटरीकडे परतायचा रस्ता बंद असला की तो दुसऱ्याच्या अंगणातून जातो, शेजारच्या बल्बच्या तारेतून. त्या दिव्याचं अर्थिंग गेल्याची याहून सरळ खूण नाही. म्हणून मिस्त्रीला ती दाखवू नका, त्याच्या विचारांत खंड पडतो.

फ्यूज उडाला तर? १० अँपिअरचा लाल काढा, ३० चा हिरवा ठोका. तो उडतच नाही. त्याऐवजी वायर जळते, आणि वायर दिसत नसल्यामुळे मनाला त्रास नाही. आधीच्या मालकाने बसवलेल्या म्युझिक सिस्टीमलाही हात लावू नका. तिची वायर चावीच्या आधीच जोडलेली असते, गाडी झोपली तरी ती अर्धा अँपिअर पीत बसते. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने ९० तासांत कोरडी, आणि सेल्फ फिरवायची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. लग्नाला चार दिवस गावाला जाऊन या, परत आल्यावर धक्का मारायला कॉलनी तयारच असते.

शेवटी माझ्याकडून चूक झाली. गड्डीगोदामजवळ गाडी बंद पडली तेव्हा एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला हात दाखवला. त्याने काही बदललं नाही. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची काळी केबल हलवली, १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला. त्याखाली हिरवट-पांढरी भुकटी, गंजाने खडबडलेला पत्रा. काचपेपरने घासून पत्रा चमकवला, बोल्ट कसला, वर ग्रीस. दहा मिनिटं. दीडशे रुपये मागितले, तेही चाचरत. असल्या माणसांपासून सावध राहा, धंदा बुडवतात.

डायनॅमोचे, सेल्फचे बदललेले भाग आणि दोन निष्पाप सेन्सर अजून डिकीत आहेत. स्पीड ब्रेकरवर खणखणतात.

गाडी आता झटक्यात सुरू होते. फक्त परवापासून स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजतो. लक्ष्मीभुवन चौकात वळताना अनोळखी लोक मला हात करतात, मीही करतो. मिस्त्रीकडे नेली. त्याने स्टिअरिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"बॅटरी एकदा पाहून घेऊ नं भाऊ."