बेस वाढवू नका, बेसला जागा द्या

कोजागिरीच्या कार्यक्रमाला महिना होत आला तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आणि खास करून साउंडवाल्या पोरांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

राजारामपुरीत एका सोसायटीच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम होता. दोन्ही बाजूंना चार मजली इमारती, मधे स्टेज, मागे मसाला दुधाचं पातेलं. जुनी हिंदी-मराठी गाणी. साउंडचेकला गायकांची पंचवीस मिनिटं गेली, ऑक्टोपॅडची (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) दहा, कीबोर्डची पाच. माझी पाळी येईपर्यंत लोक खुर्च्या धरायला लागले होते. "दादा, तुमचं चालू कार्यक्रमात बघू," साउंडवाला पोरगा म्हणाला. बावीस वर्षं बेस गिटार वाजवतोय. जवळजवळ प्रत्येक सुपारीला हे वाक्य ऐकलंय.

तिसरं गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून निवेदकाकडे गेल्या. "तो बेस तेवढा बारीक करा की ओ, गाणंच कळंना झालंय." निवेदकानं मिक्सरकडं हात केला आणि पोरानं माझा चॅनेल बंद केला. चौथं गाणं मी नुसती बोटं फिरवत उभा राहिलो. माझा एकही स्वर बाहेर जात नव्हता. आणि धडधड होती तशीच चालू होती.

आजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांना गाणं खरंच ऐकू येत नव्हतं. पण ती धडधड ऑक्टोपॅडच्या किकची (मोठ्या ड्रमच्या ठोक्याची) होती, ढोलकीच्या माइकात शिरणाऱ्या घुमाऱ्याची होती, कीबोर्डच्या डाव्या हाताची होती आणि गायकांच्या उघड्या माइकांतून आत येणाऱ्या सगळ्या खालच्या गोंगाटाची होती. सगळ्यांचं मिळून एकच नाव पडलं, बेस. आणि ज्याच्या हातात बेस म्हणून वाद्य होतं, त्याचं तोंड बंद केलं.

मध्यंतरात दुधाचा ग्लास घेऊन मी मिक्सरपाशी गेलो. पोरगा विशीतला, सकाळपासून एकट्यानं केबल ओढून दमलेला. म्हटलं, "भावा, एक करून बघूया का?" तो लगेच तयार झाला. चारही गायकांच्या चॅनेलवरचं लो-कटचं बटण दाबलं. ही सोय साध्या मिक्सरवरही असते, ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकते, आणि गाणाऱ्याच्या गळ्याचं जवळजवळ काहीच कमी होत नाही. कीबोर्डचा खालचा भाग कापला आणि वादक मित्राला सांगितलं की डावा हात जरा वर घे, खालचं मी बघतो. सब, म्हणजे फक्त खालचे आवाज काढणारे मोठे स्पीकर, त्यांचा आवाज उतरवला. शेवटी माझा चॅनेल उघडला, २५० हर्ट्झच्या आसपासचा चिखल काढला आणि ७०० ते ८०० च्या मधे थोडं वर केलं. सगळ्याला मिळून पाच मिनिटं.

दुसऱ्या सत्रात शब्द सुटे झाले. आवाज एकूण कमी होता तरी मागच्या खुर्च्यांपर्यंत गाणं पोचत होतं. कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळता गुंडाळता तो पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही खाली कुठला स्वर धरलाय ते आता कळत होतं." मला त्या रात्री मिळालेली सगळ्यात मोठी दाद ती.

हे मी का सांगतोय? आपल्या कोल्हापुरात 'बेस' हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे, पण तो डॉल्बीमुळे. बेस म्हणजे छातीवर बसणारा दणका, असं दोन पिढ्यांच्या कानात बसलंय. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या काचा थरथरतात, त्यात स्वर कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही. डेसिबल मोजण्याचीही एक अडचण आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. ही मोजणी ज्या 'ए' पट्टीवर होते, ती माणसाच्या कानाच्या स्वभावाप्रमाणे बनवलेली आहे, त्यामुळे खालचे आवाज ती कमी धरते. ४० हर्ट्झला तर जवळजवळ ३५ डेसिबलची सूट मिळते. म्हणून बरगड्या हलत असतात आणि यंत्रावरचा आकडा त्या मानानं गरीब दिसतो.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. हवेत त्याची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. एवढी लांब लाट सबमधून निघाली की ती समोर जाऊन थांबत नाही. मागे येते, इमारतींवर आपटते, परत फिरते. एका खुर्चीवर दुप्पट होते, चार खुर्च्या सोडून नाहीशी होते. पेठेतल्या गल्लीत तर विचारायलाच नको. अशा जागी बेस कळत नाही म्हणून सब वाढवणं म्हणजे गढूळ पाण्यात आणखी माती कालवणं.

मग खालचा स्वर कळतो कशानं? याचं उत्तर आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत आहे. तिथल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ऐका. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक जीव सरकवला की जवारी खुलते, आणि त्या एका खर्जातून वरचे स्वर फुलून येतात. खर्ज ओळखू येतो तो या वरच्या स्वरांच्या आधारानं. जवारी बंद असलेला तंबोरा नुसता ठक्क वाजतो. बेस गिटारचंही तेच. ४१ च्या वर ८२, १२३ असे त्याचेच स्वर चढत जातात, बोट तारेवरून सुटतानाचा आवाज त्याच्याही वर असतो, आणि आपला कान त्यांच्यावरून खालचा स्वर ओळखतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ४१ हर्ट्झ काढता येत नाही, तरी जुन्या गाण्यातली बेसची चाल आपण त्यावर गुणगुणतो, ती यामुळेच. तंबोऱ्याची जवारी ऐकून मान डोलावणाऱ्या या भागाला बेस गिटारची चाल कळणार नाही, हे मला पटत नाही. आम्ही ती त्यांच्या कानापर्यंत पोचू देत नाही, एवढंच.

दुसरं दुखणं जास्त जिव्हारी लागतं. बजेट कमी पडलं की पहिला माणूस गळतो तो बेसवाला. "कीबोर्डवाला डाव्या हातानं भरून काढेल." कीबोर्डवाले माझे मित्र आहेत, त्यांच्यावर राग नाही, उलट दोन माणसांचं काम एकाकडून करून घेणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे. पंचमदांच्या गाण्यांच्या फर्माइशी प्रत्येक कार्यक्रमात येतात. त्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस आहे. तो ताल आणि सुरावट यांच्या मधे उभा राहून दोघांना बांधून ठेवतो, कुठे स्वर लांबवतो, कुठे अर्ध्या मात्रेवर तोडतो. तो तोडलेला स्वरही वाजवलेल्या स्वराइतकाच महत्त्वाचा. डाव्या हाताला उजव्याची काळजी असते, त्याला हे एवढं निगुतीनं करायला सवड कुठली?

आता पोरांसाठी. "कुठला बेस घेऊ?" असा मेसेज महिन्यातून दोनदा येतो. हल्ली मुलीही विचारतात, बेसवादक मोहिनी डेला बघून. मला त्याचा फार आनंद आहे. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९६० साली जॅझ बेस. आज दुकानात दिसणारे बहुतेक बेस या दोघांचीच पोरंबाळं आहेत. हात लहान असेल तर जॅझची निमुळती मान बरी. पाच तारांचा मोह आधी नको. पाचवी बी तार ३१ हर्ट्झला जाते, आणि आपल्याकडच्या मांडवात ती स्वच्छ वाजवून दाखवणारा सेट मला क्वचितच भेटलाय. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनकडे चार तारांचा साधा प्रिसिजन होता, त्यावर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा, आणि उजव्या हाताचं एक बोट. तेवढ्यावर त्यानं जगाला बेस ऐकायला शिकवलं.

पैसे साठवले असतील तर निम्मे वाद्यावर घाला आणि बाकीचे सेटअप (वाद्य नीट जुळवून घेणं), तारा आणि डीआय बॉक्सवर, म्हणजे बेस आणि मिक्सरच्या मधे लावायच्या डबीवर. कोल्हापूरचा पाऊस लाकडाला सोडत नाही. जुलैत माझ्या बेसची मान पुढे वाकते, तारा पडद्यांपासून वर उठतात आणि दोन तासांत मनगट भरून येतं. मानेच्या आतल्या लोखंडी दांड्याला, ट्रस रॉडला, पाव फेरा दिला की जागेवर येते. पाव म्हणजे पाव, मग एक रात्र थांबायचं. मी उद्यमनगरात मशीनवर काम करणारा माणूस, लोखंडाची भीती नाही, तरी त्या ॲलन कीला हात लावताना अजून श्वास धरतो. एका पावसाळ्यात घोडीवरचे बारके स्क्रू गंजून असे धरले की ड्रिल करून काढावे लागले. तेव्हापासून वाजवून झालं की घोडीवरून फडकं फिरवल्याशिवाय बेस पिशवीत घालत नाही.

डीआय बॉक्स छोटा असतो, दिसायला काही नाही, म्हणून पोरं टाळतात. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस सरळ मिक्सरच्या लाइनला खुपसला की त्याचे वरचे स्वर मरतात, कारण त्या इनपुटचा रोध पिकअपच्या (तारेचं कंपन उचलणाऱ्या चुंबकाच्या) मानानं फार कमी असतो. म्हणजे जवारी तिथेच बंद झाली, पुढे कितीही फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) चढवा. शिवाय डीआयवर ग्राउंड तोडायचं बटण असतं, त्यानं विजेचा हम जातो. मांडवातल्या विजेचा हम ५० हर्ट्झचा, आणि ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी ४९ हर्ट्झचा. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला एक अशी लाट उठते आणि वाटतं आपणच बेसूर वाजवतोय. सुरुवातीची दोन वर्षं मी याच शंकेनं स्वतःला कोसत ट्यूनर बघत बसायचो. ते बटण दाबल्यावर पहिल्यांदा जी स्वच्छ ऐकला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं त्या रात्री मी बाहेर गर्दीत उभा होतो. १९१५ चं ते घर. माइक नव्हते त्या काळात तिथे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचवायची जिद्द माणसांत होती. आपल्याकडे आज मिक्सर आहे, सब आहेत, सगळं आहे, आणि पुढच्या रांगेतल्या आजींना गाणं कळत नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांकडे एकच मागणी. सबची आणखी एक जोडी आणण्याऐवजी साउंडचेकला एक तास आधी वीज द्या, आणि त्यातली दहा मिनिटं बेसवाल्याला द्या. साउंडवाल्या पोरांनो, बेसची तक्रार आली की आधी बाकीच्या चॅनेलचे लो-कट बघा, मग माझ्या फेडरला हात लावा.

माझ्याकडे दोन डीआय बॉक्स आहेत. एक मला लागतो, दुसरा पडून असतो. कोल्हापुरात कुणाच्या कार्यक्रमाला हवा असेल तर इथेच मेसेज करा, संध्याकाळी सहानंतर उद्यमनगरात येऊन घेऊन जा. भाडं नको. परत आणताना फक्त त्यातली बॅटरी काढून ठेवा.