डोळ्यातल्या इंजेक्शनने नजर जाते?

“म्हातारपणी डोळ्यात सुई घेऊ नका. डोळा लालभडक होतो, काळे गोळे दिसतात, शेवटी नजर जाते. एकदा सुरू केलं की सुटत नाही.” वेट एएमडी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रक्तवाहिन्या वाढून पाझरण्याच्या आजारावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

लालभडक होतो, खरं आहे. सुई बुबुळाच्या कडेपासून चार मिलिमीटरवर (मोतीबिंदू काढलेला असेल तर साडेतीन) पांढऱ्या भागातून जाते. तिथली बारीक रक्तवाहिनी फुटली की वरच्या पातळ आवरणाखाली रक्त पसरतं. दिसायला भयंकर, नजरेला निरुपद्रवी. आठ-पंधरा दिवसांत जिरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी डाग मोठा दिसेल, पण त्या मनाने बंद करू नका. पहिल्या रात्रीची चुरचुर बहुतेकदा औषधाची नसते, जंतू मारायला घातलेल्या पोविडोन आयोडिनची असते.

काळे गोळे म्हणजे बहुधा औषधाबरोबर आत गेलेले बुडबुडे. ते डोळ्यात वर तरंगतात, पण पडद्यावरची प्रतिमा उलटी असल्यामुळे आपल्याला खाली हलताना दिसतात. एक-दोन दिवसांत जातात.

नजर जाण्याची भीती मात्र हवेतली नाही. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊ शकतो, साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एकदा. ओळखायचं कसं? साधा त्रास रोज उतरतो, संसर्ग रोज चढतो. बहुधा पहिल्या आठवड्यातच दुखणं वाढतं, दिसणं धूसर होत जातं, उजेड सोसवत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातले जुने थेंब घालत सोमवारची वाट पाहू नका. विजा चमकणं, ठिपक्यांचा पाऊस, नजरेसमोर एका बाजूने पडद्यासारखी सावली सरकणं हेही तितकंच तातडीचं. ब्रोलुसिझुमॅब या औषधाने काहींच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याचं 2020 मध्ये समोर आलं, म्हणून तुम्हाला कुठलं औषध दिलं हे कागदावर लिहून घ्या. अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल तर आधीच सांगा.

आणि “सुटत नाही”? चिवट आजार आहे, औषधाची सवय लागत नाही. सहसा दरमहा एक अशी तीन इंजेक्शनं, मग ओसीटीवर, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनवर, पाणी किती दिसतं त्यानुसार अंतर वाढवतात. रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनातल्या औषधाच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या मरिना चाचणीत वर्षअखेरीस सुमारे 95 टक्के रुग्णांची नजर तक्त्यावरच्या पंधरा अक्षरांइतकी घसरली नव्हती. खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण 62 टक्के होतं.