भेटवस्तू दिल्या की सोबती कायमचे आपले? तसं नाही

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (2009) हा व्हिडिओ गेम नव्याने खेळणाऱ्यांना हमखास एक सल्ला मिळतो: सोबत्यांना भेटवस्तू देत राहा, मर्जी (ते तुमच्यावर किती खूश आहेत, त्याचा आकडा) 100 वर न्या, मग काहीही करा, कोणी सोडून जात नाही. हे चूक आहे.

भेटवस्तूंनी मर्जी वाढते, हे खरं. पण एकाच सोबत्याला देत गेलात तर पुढच्या प्रत्येक भेटीचं मोल घटत जातं. आणि काही निर्णयांपुढे मर्जीचा आकडा कामालाच येत नाही. गेममधल्या धर्माची प्रेषित अँड्रास्टे हिच्या पवित्र अस्थिकलशात ड्रॅगनचं रक्त ओतलंत, तर सोबत असलेली जादूगार विन तिथल्या तिथे तुमच्यावर उलटते.

अ‍ॅलिस्टर या सोबत्याचं तर फारच लागतं मनाला. विश्वासघातकी सरदार लॉगेनला जीवदान देऊन ग्रे वॉर्डन (तुमच्याच योद्धा-संघाचा सदस्य) केलंत, की अ‍ॅलिस्टर तुकडी सोडतो. मर्जी पूर्ण 100 असली तरी. ज्याने आपल्या गुरूला, डंकनला, रणात मरायला सोडलं, त्याच्या शेजारी उभं राहणं त्याला शक्यच नाही, आणि माझ्या मते हे लेखन अगदी रास्त आहे. बहीण गोल्डॅनाच्या भेटीनंतर त्याचं मन कठोर केलंत तर त्याचं पुढचं भवितव्य बदलू शकतं, पण तुकडीत तो थांबत नाही. म्हणून लॉगेनचा फैसला होतो त्या लँड्समीटच्या (सरदारांच्या सभेच्या) आधी वेगळा सेव्ह ठेवा.