‘दुकानात वाजतो, घरी वाजत नाही’: हेडफोन ॲम्प्लिफायर किटच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुम्ही दिलेला एक स्टार पाहिला, त्याखालचा मजकूर दोनदा वाचला आणि तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. उत्तर जरा लांबणार आहे. बिघाडाचं कारण तुमच्याच दुसऱ्या फोटोत दिसतंय, आणि ते नीट सांगितलं तर तुम्हाला इंदूरच्या महाराणी रोडच्या गर्दीत परत यावंही लागणार नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. यांनी आमच्याकडून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं खिशातल्या ॲम्प्लिफायरचं किट नेलं. टेबलावर जोडून पाहिलं तेव्हा वाजलं. पत्र्याच्या डबीत बसवल्यावर आवाज फाटायला लागला, आयसी तापली आणि बॅटरी एका संध्याकाळीत संपली. बोर्ड दुकानात आणला तर इथे व्यवस्थित वाजला, घरी नेला की पुन्हा तेच. मग दुसरीकडून ५५३२ नंबरची आयसी आणून बसवली, तरी फरक नाही. यावरून ‘काकांनी डुप्लिकेट आयसी दिली आणि सोल्डरिंगवर खापर फोडून हात झटकले’ असं त्यांनी लिहिलंय. शिवाय व्हॉल्यूम जरा वर केला की कान फुटतात, अशीही तक्रार आहे.

आता फोटोबद्दल. डबीच्या एका बाजूला हेडफोनचा जॅक आहे आणि त्याच्या शेजारी अडॅप्टरचा सॉकेट. हा सॉकेट किटमधला नाही. किटमध्ये काळ्या प्लास्टिकचा सॉकेट दिला होता, तुम्ही तिथे चकचकीत धातूचा लावलात. दिसायला तो नक्कीच छान आहे, आणि मजबूतही आहे. पण त्याचं नट आणि चुडी (आटे) सरळ डबीच्या पत्र्याला कसलीय, आणि हेडफोनच्या जॅकचंही तसंच आहे. घोटाळा इथेच आहे.

या सर्किटमध्ये बॅटरीचा मायनस म्हणजे ग्राऊंड (सिग्नलचा शून्य) नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी मांडलेलं हे डिझाइन, आणि पहिल्यांदा बनवणारा सगळ्यात जास्त अडतो तो याच ठिकाणी. संगीताचा सिग्नल शून्याच्या वरही जातो आणि खालीही, पण आपल्याकडे बॅटरी एकच. म्हणून ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ९ व्होल्टचे दोन भाग करतात आणि त्यांना २२० मायक्रोफॅरडच्या दोन कपॅसिटरचा आधार देतात. जिन्याच्या मध्यावर उभं राहून तिथूनच वर आणि खाली पायऱ्या मोजाव्यात, तसा तो मधला बिंदू आपला शून्य होतो. वर साडेचार व्होल्ट, खाली साडेचार व्होल्ट. हेडफोनच्या जॅकचा बाहेरचा भाग या मधल्या बिंदूला जोडलेला असतो. अडॅप्टरच्या धातूच्या सॉकेटचा बाहेरचा भाग मात्र बॅटरीच्या मायनसला. दोन्ही एकाच पत्र्याला लागले की मधला बिंदू आणि मायनस एक झाले. खालचे साडेचार व्होल्ट गेले, सगळे ९ वर.

मग आयसीला खाली जायला जागाच उरत नाही. किटमधल्या ओपीए २१३४ या आयसीच्या इनपुटला तर मायनसपासून साधारण अडीच व्होल्ट वर राहावं लागतं, आणि तुमच्या डबीत ते अगदी मायनसवर येऊन बसलंय. आवाज फाटणारच. आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलं तर हेडफोनमधून सतत डीसी वाहत राहतो. आयसी तापण्याचं आणि बॅटरी संपण्याचं कारण हेच. अडॅप्टर लावलेला असो वा नसो, सॉकेट पत्र्याला टेकलेला आहे तोवर हे होत राहील.

दुकानात तो का वाजला, हेही आता लक्षात आलं असेल. तुम्ही नुसता बोर्ड घेऊन आलात, डबी घरीच राहिली. काउंटरवरच्या मुलाने ‘डबीसकट आणा’ असं तुम्हाला सांगितलं होतं. ते टाळण्यासाठी नव्हतं. पत्र्याच्या डबीतला ॲम्प्लिफायर डबीत असतानाच तपासावा लागतो, कारण इथे डबीही सर्किटचाच भाग होते.

खात्री तुम्ही स्वतः करा, माझ्या शब्दावर जाऊ नका. बॅटरी काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक अडॅप्टरच्या सॉकेटच्या कडेला, दुसरं हेडफोन जॅकच्या कडेला. क्षणभर टिक होऊन थांबलं तर तो कपॅसिटर भरण्याचा आवाज, त्याची काळजी नको. बीप वाजतच राहिली तर शॉर्ट सापडला. मग हेडफोन न लावता बॅटरी जोडा, मीटर डीसी व्होल्टवर घ्या, काळं टोक हेडफोन जॅकच्या कडेला धरा आणि लाल टोक आयसीच्या ८ नंबरच्या पायावर लावा, नंतर ४ नंबरच्या. अधिक साडेचार आणि उणे साडेचार दिसलं पाहिजे. तुमच्या डबीत ९ आणि शून्य दिसेल असं मला वाटतं. किटमधला प्लास्टिकचा सॉकेट परत बसवलात की काम झालं. हेडफोनचा जॅक पत्र्याला टेकलेला राहू द्या. डबी ग्राऊंडला असली की हम (मागचा घूं आवाज) कमी येतो.

सॉकेट बदलल्यावरही लगेच चांगला हेडफोन लावू नका, ही कळकळीची विनंती. आवाज शून्यावर, इनपुटला काही नाही, मीटर २०० मिलीव्होल्टवर. काळं टोक तिथेच राहू द्या आणि लाल टोक आळीपाळीने १ आणि ७ नंबरच्या पायांवर ठेवा. २० मिलीव्होल्टच्या आत असेल तर बिनधास्त ऐका. ५० च्या वर गेलं तर थांबा आणि आमच्याकडे आणा. पहिलं ऐकणं तरी जुन्या, स्वस्त इअरफोनवरच करा. लोक हजारोंचे हेडफोन पहिल्याच मिनिटाला लावतात आणि कॉइल जाळून बसतात, ते बघवत नाही.

आता आयसीबद्दल, कारण ‘डुप्लिकेट’ हा शब्द मला लागला. २१३४ ची नक्कल बाजारात फिरते हे खरं आहे, आणि नुसत्या छपाईवरून ती ओळखू येत नाही हेही खरं. म्हणूनच आम्ही ती अधिकृत वितरकाकडून बिलावर घेतो. बिल दुकानात कधीही बघायला मागा. पण तुम्ही ५५३२ लावून जी परीक्षा घेतली, तिच्यातून आमच्या आयसीविषयी काहीच कळत नाही. ५५३२ ला मी नावं ठेवणार नाही, कितीतरी मिक्सर आणि प्रीॲम्पमध्ये ती उत्तम चालते. पण डेटाशीटनुसार तिला अधिक-उणे ५, म्हणजे एकूण निदान १० व्होल्ट हवेत. आपली बॅटरी ९ ची, आणि वापरात तीही उतरत जाणार. २१३४ एकूण ५ व्होल्टवरही चालते, म्हणून किटमध्ये ती दिली आहे. दुसरी गोष्ट इनपुटच्या करंटची. ५५३२ च्या इनपुटला साधारण २०० नॅनोॲम्पिअर लागतात. हा करंट किटमधल्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून गेला की २० मिलीव्होल्ट होतात, ते ११ पटीने वाढून आउटपुटला २२० मिलीव्होल्ट डीसी. ३२ ओहमच्या इअरफोनमधून म्हणजे सतत ७ मिलीॲम्पिअर. २१३४ च्या इनपुटला फेट (जवळजवळ करंट न घेणारा ट्रान्झिस्टर) असल्याने तिथे हा करंट पिकोॲम्पिअरमध्ये मोजायचा, तो धरायचं कारणच नाही. तेव्हा ती ५५३२ काढा आणि आमची परत बसवा. बसवताना आयसीवरची खाच बेसवरच्या खाचेकडे आहे ना, तेवढं पाहा. बहुतेक ती शाबूत असेल. शॉर्टमध्ये राहून खरंच गेली असेल, तर दुसरी मी देईन, पैसे नकोत.

कान फुटण्याची तक्रार मात्र रास्त आहे. या सर्किटचा गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा, ११ आहे, १० किलोओहम भागिले १ किलोओहम, अधिक १. ज्यांच्याकडे २५०–३०० ओहमचे मोठे हेडफोन आहेत त्यांना तो हवा असतो. तुमच्या फोटोत कानात घालायचे इअरफोन दिसतायत, त्यांना इतका गेन कशालाच लागत नाही. मग व्हॉल्यूमचा नॉब सुरुवातीच्या थोड्याशाच फेरीत वापरला जातो, आणि साध्या डबल पॉटचे (नॉबमागच्या, फिरवून बदलणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीचे) दोन्ही ट्रॅक तिथेच सारखे नसतात. एका कानात कमी वाजत असेल तर ते त्यामुळे. दोन्ही बाजूंचे १० किलोओहमचे रेझिस्टर काढून ४.७ चे लावा, गेन साडेपाचच्या आसपास येईल आणि मागची सूं-सूंही कमी होईल. ही जोडी तुम्हाला आमच्याकडून. रेझिस्टर बदलताना पट्टे ट्यूबलाइटखाली वाचू नका, दिवसा उजेडात किंवा मीटरने बघा. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम आणि तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १०. रात्री लाल आणि नारिंगीमध्ये इथे सेकसरिया इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचीही गल्लत होते, आणि मग एक कान ओरडतो, दुसरा कुजबुजतो.

बॅटरीविषयी थोडं. डबीवर तुम्ही निळा एलईडी लावलाय, त्याच्या मागे १ किलोओहम दिसतोय. तो एकटाच ६ मिलीॲम्पिअर खातो, आणि आख्खी आयसी खाते ८. तिथे १० किलोओहम लावा. सगळं नीट असेल तेव्हा एकूण १० मिलीॲम्पिअरच्या आसपास लागतात, अल्कलाइन बॅटरी ४० तासांच्या आसपास सहज जाते. खेळण्यांतली झिंक-कार्बन तेवढी टिकणार नाही.

पुढे कधी बॅटरीऐवजी लॅपटॉपच्या यूएसबीवरून स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारं) मॉड्यूल लावून चालवायचा विचार असेल, तर गाणीही त्याच लॅपटॉपवरून नको. ऑडिओ केबलचा ग्राऊंड आणि यूएसबीचा मायनस लॅपटॉपच्या आत एकच असतो, म्हणजे डबी प्लास्टिकची असली तरी हाच शॉर्ट पुन्हा. हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

पैसे परत करण्याबद्दल स्पष्ट सांगतो. सोल्डर केलेलं किट आम्ही परत घेत नाही, पाकिटावर तसं छापलंय, आणि तो नियम तुमच्यासाठीही तोच राहील. तपासणी मात्र सगळ्यांना फुकट आहे, किट आमचं नसलं तरी. ‘हात झटकले’ हे वाक्य म्हणूनच पटलं नाही. सोल्डरिंगबद्दल मुलाने जे म्हटलं ते एकाच जागेबद्दल होतं, पॉटच्या तिसऱ्या पायाचा टाका ड्राय आहे, म्हणजे नीट धरलेला नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत तो दिसतो: करडा, खडबडीत, आणि पायाभोवती बारीक गोल भेग. तो पाय ग्राऊंडचा. सुटला तर व्हॉल्यूम कमीच होणार नाही. बाकीचे टाके चकचकीत आणि नेटके आहेत, पहिल्या बोर्डावर इतकं स्वच्छ काम कमी जणांना जमतं. म्हणूनच तुमचं ‘पुन्हा या भानगडीत पडणार नाही’ हे शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं. एका सॉकेटपायी सोडून देऊ नका.

घरी जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर दुपारी या, तेव्हा काउंटरवर गर्दी कमी असते आणि मी स्वतः असतो. डबी, धातूचा आणि प्लास्टिकचा असे दोन्ही सॉकेट, अडॅप्टर आणि दोन्ही आयसी बरोबर आणा. बॅटरी काढून वेगळी ठेवा.