सहावा आणि सातवा कोण, ते आधी सांगा

ऑगस्ट २०२५. गणपती २७ तारखेला बसणार, आणि आदल्या दिवशी, हरतालिकेला, दुपारी तीनच्या आत आमच्या ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघाला ९० खेळाडूंतून ५३ निवडून बाकीच्यांना निरोप द्यायचाय. आमच्या ॲपलटनच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे मखरापेक्षा जास्त मेसेज 'रिसीव्हर किती ठेवायचे' यावर पडतायत. तिथे तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा मनातलं सगळं एकदाच इथे लिहिते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. हा अमेरिकन फुटबॉल. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून चेंडू सुटताच पळत सुटणारा आणि क्वार्टरबॅकने फेकलेला पास झेलणारा गडी. एका वेळी मैदानात बहुधा तिघे असतात. हंगाम १७ सामन्यांचा, त्यात माणसं माणसांवर पूर्ण वेगात आदळतात. म्हणून तिघांच्या मागे रांगेत कोण उभं आहे, यावर इथे ऑगस्टभर घराघरांत वाद होतात.

ग्रुपवरची मुख्य तक्रार एकच: आपल्याकडे 'नंबर वन' नाही. तक्रार खोटी नाही. दावान्ते ॲडम्सने २०२१ मध्ये १२३ झेल आणि त्यांवर १,५५३ यार्ड (झेलून पुढे नेलेलं अंतर) केले, मार्च २०२२ मध्ये तो रेडर्सकडे गेला, आणि त्यानंतर आपल्या एकाही रिसीव्हरने हंगामात १,००० यार्ड गाठलेले नाहीत. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त जेडन रीडचे, ८५७. फेब्रुवारीत तर चेंडू घेऊन धावणाऱ्या आपल्या जॉश जेकब्जनेच उघडपणे सांगितलं की संघाला एक पक्का नंबर वन हवा. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड, आपल्याच गावात, लॅम्बो स्टेडियमच्या दारात झाला आणि पहिल्या फेरीत २३ व्या क्रमांकावर टेक्सस विद्यापीठाचा मॅथ्यू गोल्डन आला. पहिल्या फेरीत रिसीव्हर घेण्याची २००२ नंतरची ही पहिलीच वेळ. त्या रात्री मी त्या गर्दीत होते. नाव पुकारल्यावर जो आवाज उठला तो छातीत जाणवला. मुलगा ४० यार्ड ४.२९ सेकंदांत पळतो, हात चांगले आहेत, मला तो मनापासून आवडतो.

पण १२ जानेवारी आठवा. फिलाडेल्फियात ईगल्सशी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना. ख्रिश्चन वॉटसनचा गुडघा आठवडाभर आधीच, बेअर्सविरुद्ध, कुणी धक्कासुद्धा न लावता गेलेला. त्या दिवशी रोमिओ डब्ज डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि रीडचा खांदा गेला. पुढे हल्ला कुणाच्या जोरावर चालायचा होता? डॉन्टेव्हिऑन विक्स, बो मेल्टन, मलिक हीथ. आपला क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हने तीन इंटरसेप्शन फेकली, म्हणजे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, आपण २२-१० हरलो. सगळे म्हणतात, बघा, नंबर वन नव्हता. मी तो सामना पुन्हा पाहिला तेव्हा मला दिसलं ते वेगळं. नंबर वन असता तरी तोही त्याच गवतावर पळाला असता, त्याचाही गुडघा हाडामांसाचाच असता. आपला घात झाला तो चौथ्या, पाचव्या, सहाव्या माणसावर वेळ आल्यावर. मेल्टन आणि हीथला वर्षभर फारसं खेळवलंच नव्हतं आणि लव्हचा त्यांच्याशी ताळमेळ बसलेला नव्हता.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, जन्मापासून याच भागातले. हे सगळं मी त्यांच्यापाशी बोलले तर ते एवढंच म्हणाले, "१९९६ बघ." मग स्वतःच सांगायला बसले, आणि मी तासभर उठले नाही.

१९९५ ला रॉबर्ट ब्रुक्सने १,४९७ यार्ड केले होते. स्टर्लिंग शार्पची मान दुखावून त्याची कारकीर्द संपल्यावर ब्रुक्सच आपला नंबर वन. (याच महिन्यात, २ ऑगस्टला, शार्प हॉल ऑफ फेममध्ये गेला. फार उशिरा मिळाला हा मान, पण मिळाला.) तर १४ ऑक्टोबर १९९६, सोमवारची रात्र, लॅम्बो, समोर फोर्टीनाइनर्स. आपल्या पहिल्याच प्लेला ब्रुक्सचा गुडघा गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा हंगाम. आजोबा म्हणाले, स्टेडियम असं गप्प झालं की समोरच्या बाकावरच्या बाईने थर्मासचं झाकण लावल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. आणि त्या रात्री कोण उभा राहिला? डॉन बीबी. बफेलोत वर्षं घालवून इथे आलेला, तिशी ओलांडलेला, ज्याच्या नावावर कुणी तिकीट काढलं नसेल असा खेळाडू. ११ झेल, २२० यार्ड. एक झेल घेऊन तो जमिनीवर पडला, पंचांच्या मते त्याला कुणी शिवलेलं नव्हतं, तसा उठला आणि थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्या गोललाइनपलीकडे, पळाला. सामना ओव्हरटाइममध्ये २३-२० असा आपला.

दोनच आठवड्यांनी अँटोनियो फ्रीमनचा हात मोडला. दोन मुख्य रिसीव्हर गेले. नोव्हेंबरात जॅक्सनव्हिलने आंद्रे रायझनला सोडून दिलं आणि आपण त्याला वेव्हरवरून, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून उचललं. पुढे २६ जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, सुरुवातीलाच आपला क्वार्टरबॅक ब्रेट फार्वने त्याच रायझनला ५४ यार्डांचा टचडाउन दिला, आणि हात जुळून परतलेल्या फ्रीमनने ८१ यार्डांचा घेतला. ३५-२१. दुसऱ्याने टाकून दिलेला माणूस आपल्या सुपर बोलचा पहिला टचडाउन करतो. मागच्या रांगेतल्या माणसांचं मोल काय, हे मला त्या तासाभरात कळलं.

उलटं उदाहरणही आपल्याच घरचं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पिट्सबर्गच्या सरावसामन्यात जॉर्डी नेल्सनचा गुडघा गेला आणि सगळं वर्ष आपण चाचपडत काढलं. जानेवारीत ॲरिझोनात रँडल कॉबही जखमी होऊन बाहेर पडला. तेव्हा सातव्या फेरीतून आलेल्या जेफ जॅनिसने काय केलं ते पाहिलेला माणूस विसरणार नाही. चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, २० यार्ड काढायचे होते, स्वतःची गोललाइन पाठीशी, आणि ६० यार्डांचा झेल. मग वेळ संपता संपता ४१ यार्डांचा, दोन बचावपटूंमधून. सामना ओव्हरटाइमला गेला आणि आपण हरलो, पण वर्षभर बाकावर बसलेल्या माणसाने त्या रात्री १४५ यार्ड केले. त्याला ऑक्टोबरपासून खेळवलं असतं तर, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता २०२५. गोल्डन, डब्ज, रीड, विक्स आणि तिसऱ्या फेरीतला टीसीयू विद्यापीठाचा साव्हियन विल्यम्स, हे पाच जण राहणार यात वाद नाही. वॉटसनचा गुडघा अजून बरा होतोय, तो पहिले चार सामने तरी दिसणार नाही असं धरून चला. पाचांतल्या रीडच्या दुखावलेल्या पायाला उपचाराचा बूट आणि विक्सची पोटरी दुखावलेली, दोघंही या महिन्यात सरावाबाहेर बसलेत. आणि सुरुवातीलाच ७ सप्टेंबरला लायन्स, ११ ला कमांडर्स. पाच दिवसांत दोन सामने, दुखऱ्या पायांनी.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. सात ठेवा. मेल्टनही ठेवा, हीथही ठेवा.

ग्रुपवर उत्तर येतं, 'सहा पुरेत, सातव्याची जागा लाइनमनला (पुढच्या फळीतल्या गड्याला) द्या, हीथला प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेरच्या सराव तुकडीत) ठेवू.' ते वाटतं तेवढं सोपं नाही. हीथ किंवा मेल्टनला सोडलं की ते आधी वेव्हरवर जातात आणि बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्यांना उचलू शकतं. उचललं नाही तरच ते आपल्या स्क्वॉडवर येणार, आणि तिथून एका खेळाडूला सामन्यापुरतं वर आणता येतं ते हंगामात तीनदाच. जॅक्सनव्हिलनेही १९९६ ला असाच काहीतरी हिशोब केला असेल.

शिवाय जेकब्जने गेल्या वर्षी १,३२९ यार्ड धावून काढले, ते फक्त त्याच्या पायांनी नाही. पुढच्या वेळी टीव्हीवर चेंडूकडे बघू नका, कडेला बघा. हीथ सरळ पळाल्यासारखं करतो, तीन पावलांवर एकदम आत वळतो आणि जेकब्जवर धावून येणाऱ्या सेफ्टीच्या (सगळ्यात मागे उभ्या बचावपटूच्या) छातीत दोन्ही पंजे रोवून त्याला धरून ठेवतो. सेफ्टी दीड सेकंद अडकतो, आणि तेवढ्यात चार यार्डांची धाव चौदाची होते. स्टॅट शीटवर हीथच्या नावापुढे काहीच येत नाही. २०२३ ला ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला हा मुलगा केवळ अशा कामांवर इथे टिकलाय.

मेल्टनबद्दल तर मला विशेष वाटतं. या उन्हाळ्यात संघाने त्याला कॉर्नरबॅक म्हणूनही उतरवलं. आयुष्यभर पास झेलायला शिकलेला माणूस व्यावसायिक संघात येऊन पास अडवायला शिकतोय, रोज मार खातोय आणि पुन्हा उभा राहतोय. धाकटा भाऊ मॅक्स कार्डिनल्सकडे कॉर्नरच आहे, तेव्हा घरात विचारायला माणूस आहे. दोन जागा भरून काढणारा खेळाडू हातात असताना त्याला सहावा की सातवा म्हणून वगळायचं?

डब्जवरही इथे अन्याय होतो. गेल्या ऑक्टोबरात सरावाला न आल्याबद्दल त्याला एका सामन्यासाठी बाहेर बसवलं, ते योग्यच होतं. पण परतल्याबरोबर त्याने ॲरिझोनाविरुद्ध दोन टचडाउन घेतले, आणि त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, डॅलसमधल्या त्या ४८-३२ च्या प्लेऑफमध्ये १५१ यार्ड त्याचेच होते. कराराचं शेवटचं वर्ष आहे. त्याला जपा.

आता एक घरची गोष्ट. इथे सरावाला जाताना खेळाडू लॅम्बोपासून मैदानापर्यंत गावातल्या मुलांच्या सायकली चालवत जातात आणि मुलं त्यांची हेल्मेटं धरून बाजूने पळतात. यंदा माझी नऊ वर्षांची लेक तिची जांभळी सायकल घेऊन तासभर उभी होती. मोठी नावं पुढे निघून गेली. मग एक तरुण खेळाडू थांबला. मी त्याला ओळखलं नाही, ९० जणांतल्या शेवटच्या काहींपैकी असणार. गुडघे हँडलला लागत होते, तरी तो हळूहळू चालवत राहिला, कारण हेल्मेट जड होतं आणि ती मागे पडत होती. "तुझी घंटी मस्त आहे," असं तिला म्हणाला आणि वाटभर ती वाजवत गेला. तेव्हापासून ती रोज विचारते, आई, तो राहिला का?

शनिवारी, २३ तारखेला, सीहॉक्सविरुद्ध शेवटचा सरावसामना आहे. स्टार मंडळी बहुतेक बसलेली असतील आणि दुसऱ्या हाफला निम्मे प्रेक्षक गाडीकडे निघतील. आम्ही दोघी शेवटची शिट्टी होईपर्यंत थांबणार आहोत. ग्रुपवरच्या ज्यांना सहाच ठेवायचेत, त्यांनीही चौथा क्वार्टर बघावा, आणि मग कुणाला काढायचं त्याचं नाव इथे खाली लिहावं.