हळदच मां ती!

काल सकाळी सासूबाईंनी चूळ टाकली आणि बेसिन लाल. हिरड्यांतलं रक्त थांबेना. दंडावर निळे डाग, कुठे आपटल्याचं आठवतही नाही. तशीच रिक्षा करून त्यांना कुडाळला नेलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ४.६! तो दोन ते तीनमध्ये राहावा म्हणून वर्षभर मी कॅलेंडरवर खुणा करून रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरीनच्या गोळ्या देतेय, पालेभाजीसुद्धा कमीजास्त होऊ देत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही सुरू केलंत? मी ठामपणे नाही म्हटलं. तेव्हा आईंनी पिशवीतून हळूच बाटली काढली. हळदीच्या कॅप्सूल. गणपतीला मुंबईहून आलेल्या भाऊजींनी दिलेल्या. रोज दोन, रिकाम्या पोटी. वर सांगून गेले, "सुनेक सांगू नको, ती उगाच डॉक्टराक इचारीत बसतली."

फोन केला तर म्हणतात, "अगो, हळदच मां ती! तेका डॉक्टराक कित्या इचारूक होया?"

विचारायला हवंच! आमटीत पडते ती हळद वेगळी, पातोळ्यांचं पान वेगळं. डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, शेकडा तीनच्या आसपास. या बाटलीवर लिहिलंय ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये चहाचे पाच चमचे हळद, दिवसाला दहा! आमटीत दहा चमचे पडली असती तर भाऊजींनीच ताट सरकवलं असतं. त्यात मिरीचा अर्क. तो कर्क्युमिन अंगात जास्त शोषलं जावं म्हणून घालतात, पण इतर औषधांचंही गणित तोच बिघडवू शकतो. न्यूझीलंडमध्ये वॉरफरीनवरच्या एका माणसाचा आयएनआर अशाच गोळ्यांनी १० च्या वर गेला, तिथल्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता. आमच्या घरी कोणाला पत्ता?

आणि हे रिकाम्या पोटी कुठून काढलं? कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. ज्याला चालतं त्याने जेवताना घ्यावं, खोबऱ्याच्या वाटणाच्या कालवणासोबत घ्यावं. आई दोन आठवडे छातीत जळजळतंय म्हणत होत्या आणि मी त्यांची कुळथाची पिठी बंद केली! त्यांची आवडती पिठी!

हे घराणंच असं. करोनात दिवसाला चार वेळा काढा पाजून सासऱ्यांच्या तोंडात फोड आणले. नणंदेला लोहाच्या गोळ्यांबरोबरच ही कॅप्सूल घ्यायला लावली, हळद लोहाला धरून ठेवते हे कोणी बघायचं? पित्ताशयात खडे असणाऱ्या शेजाऱ्यांनाही एक बाटली दिली आहे. त्यांना मी आज जाऊन थांबवलं. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे ही बंद करतात, हेही दुकानात कोणी सांगत नाही. "चालता सगळ्यांक," एवढंच.

आता कॅप्सूल बंद, वॉरफरीन दोन दिवस थांबवलंय, परवा पुन्हा रक्त तपासायचं. आई पडवीत गप्प बसल्यात. मघाशी म्हणाल्या, "झिलान मायेन हाडलेली, नाय कशी म्हणू?"

त्यांच्यावर नाही हो माझा राग. पण भाऊजी दिवाळीला आले की ती बाटली आणि कालचा रिपोर्ट, दोन्ही त्यांच्या पानाशेजारी ठेवणार आहे.